आधी पाणी, मग हात

आगाशे काकूंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे साडी मागितली. अंगावरची नव्हे, पण मागणी जवळजवळ तितकीच थेट होती. शारजाला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. रोला भागातल्या आमच्या इमारतीत मी अजून कुणाला ओळखत नव्हते. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर पन्नाशीच्या, ठेंगण्या बाई. अंगात सलवार-कमीज, डोक्यावर क्रिकेटवाल्यांची असते तशी टोपी आणि टोपीच्या खाली कपाळभर कुंकू. "मी आगाशे, वरच्या मजल्यावरची," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे जुनेर आहे का? सुती हवं. टेरिकॉट वगैरे नको."

जुनेर हा शब्द मी आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. धुऊन धुऊन विरलेलं लुगडं संसाराच्या पहिल्या ट्रंकेत कोण परदेशात आणतं? तरी मी आतून एक जुनी सुती साडी आणून दिली. काकूंनी तिचा पदर गालावर घासून पाहिला, डोळे मिटून, अगदी सावकाश. मग मान हलवून साडी परत दिली. "अजून दोन वर्षं नेस," म्हणाल्या, "गालाला टोचतेय म्हणजे प्लास्टिकला ओरखडणार." कुठलं प्लास्टिक, हे सांगण्याची तसदी न घेता त्या शेजारचं दार वाजवायला गेल्या.

पुढे कळलं की सुट्टीवर भारतात जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला काकू हेच काम सांगत. लोक एकमेकांना हापूस आणायला सांगायचे, चकल्या-बाकरवड्या सांगायचे. या मात्र म्हणायच्या, आईची, सासूची, कुणाचीही नेसून नेसून मऊ झालेली लुगडी आणा. काही जणी आणायच्या, बऱ्याच जणी विसरल्याचं सांगायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांच्यामागे कुजबुज चालायची, की आगाशीणबाई दारोदार चिंध्या मागतात आणि गोऱ्यांच्या बोटी धुतात. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी शांतपणे मोदकाचं ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, की धुते, आणि त्या बोटी तुमच्या घरातल्या पंख्यांपेक्षा स्वच्छ असतात. त्यानंतर पुढचे काही दिवस इमारतीतल्या सगळ्या घरांत पंखे पुसले गेले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांचे यजमान, आगाशे काका, पुण्याहून ड्राफ्ट्समन म्हणून एका बोटी बांधणाऱ्या कारखान्यात आले होते. तो कारखाना बंद पडला. परत जायचं तर धाकट्या भावाच्या दारात जायचं, ते काकांना नको होतं. मग त्यांनी औद्योगिक क्षेत्रात अबू सालेम नावाच्या म्हाताऱ्या अरबाची पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली आणि त्याच्याच नावावर लायसन्स काढून बोटींचे आडोसे शिवायचं दुकान टाकलं. बोटीच्या मागे आणि बाजूंना जाड कापडाचा आडोसा असतो आणि त्यात पारदर्शक प्लास्टिकच्या मोठमोठ्या खिडक्या शिवलेल्या असतात. वारा आणि खारं पाणी बाहेर राहतं आणि समुद्र दिसत राहतो. काका मापं घेत आणि कापत, रफीक नावाचा मुलतानी टेलर शिवत असे, आणि बोटीवर गेलेल्या त्या खिडक्या वर्षानुवर्षं आरपार दिसत्या ठेवणं हे काकूंचं खातं.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ती निव्वळ कंटाळा आला म्हणून. शुक्रवार होता, नवरा झोपला होता, आणि काकू बादली, पाइप आणि जुनेराचं गाठोडं घेऊन जिन्यात उभ्या होत्या. खाडीवर बांधलेल्या एका बोटीच्या खिडकीवर मीठ आणि धूळ यांचा पांढरा थर होता. मी मदत म्हणून हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. "आधी पाणी, मग हात," त्या म्हणाल्या. कोरडं पुसलं की मिठाचा कण न् कण प्लास्टिकवर रेघ ओढतो. आधी भरपूर गोडं पाणी वरून सोडायचं, मीठ आपोआप वाहून जाऊ द्यायचं, मग साबणाच्या फेसाचा हलका हात, परत पाणी, आणि शेवटी जुनेराने टिपून घ्यायचं. टिपायचं, हे त्या दर वेळी सांगायच्या. पुसायचा तो फळा. आणि हे सगळं ऊन चढायच्या आत, कारण तापलेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि मग त्याच्यावर बोटसुद्धा उमटतं.

बोटीवरचे खलाशी त्या खिडक्यांना शीशा म्हणत, मीही एकदा काच म्हणाले. काकूंना ते खपायचं नाही. काच म्हटलं की माणूस त्याच्याशी काचेसारखं वागतो, हे त्यांचं म्हणणं, आणि तिथेच घात होतो. एका श्रीमंत घरातल्या मोलकरणीने बोटीच्या खिडक्यांवर काचा पुसायचं निळं औषध फवारलं होतं. दिसायला आधी लख्ख दिसलं. दोन-तीन महिन्यांत सगळं पिवळट आणि कडक झालं. काकू ती खिडकी उतरवून मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांचा चेहरा मला आठवतो. "काच मरताना आवाज तरी करते," त्या म्हणाल्या. "हे गुपचूप मरतं. मेलंय ते आपल्याला फार उशिरा कळतं."

खोबरेल तेल लावून खिडकीला डोकं टेकवून झोपणाऱ्या मल्याळी खलाशांशी तर त्यांचं रोजचं भांडण होतं. त्यांचं हिंदी काय वर्णावं. "भैया, तेल का माथा उधर नहीं टेकनेका, वो पी लेता है," असं त्या सांगत आणि तो बिचारा आजूबाजूला कोण काय पितंय ते बघत राही. प्लास्टिक तेल पितं, रंग पितं, गोऱ्या बायका उन्हासाठी अंगाला चोपडतात ते मलमसुद्धा पितं आणि एकदा प्यालेलं परत देत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं असे. खिडक्या काढून ठेवताना घडी घालायच्या नाहीत, गुंडाळायच्या, आणि मध्ये जुनेर घालायचं, हा त्यांचा दुसरा नेम. शालू ठेवावा तसं त्या ते काम करत. पंचा, परकर, कुणाकुणाच्या आजीचं इरकली, सगळं त्या गुंडाळीत जाई. शारजाच्या त्या रटरटत्या शेडमध्ये उभं राहून मी कधीकधी त्यातलं एखादं लुगडं हुंगून बघत असे, हेही सांगून टाकते.

काका अगदी कमी बोलणारे. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर त्यांतली आठ रफीकशी. देवधर्मात त्यांना फारसा रस नव्हता. पण खंडेनवमीला दुकानातली पूजा तेच करत आणि ती पाच मिनिटांत उरकत. मशीनला, कात्रीला, कापडात आयलेटच्या कड्या ठोकायच्या ठोक्याला हळदकुंकू आणि फूल. तयार मालावर फक्त एकेक फूल, तेही हलकेच. काकू मला म्हणायच्या, की यांचा हात आखडता तो देवाच्या बाबतीतही. आम्ही दोघी त्यावर हसायचो. त्या फुलाचा अर्थ तेव्हा विचारला असता तर काकांनी एका वाक्यात सांगितला असता. विचारायचं कुणाला सुचतं?

मग एका सकाळी प्लास्टिकचं शीट कापता कापता काका कोसळले. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. घास तोंडात घातला तर तो तसाच तोंडात राहायचा. काकू समजूत घालायच्या, रागवायच्या, शेवटी जिन्यात येऊन माझ्याशेजारी बसायच्या आणि टोपी हातात धरून नुसत्या रडायच्या. पुण्याहून दिरांचे फोन येत होते की या इकडे, एक खोली रिकामी करून देतो. काकू म्हणाल्या, त्या खोलीत हे महिनाभर काढणार नाहीत.

एके दिवशी घरी त्यांच्याजवळ बसायला कुणीच नव्हतं, म्हणून काकूंनी रफीकला सांगून काकांना पिकअपमध्ये घालून दुकानात नेलं. टेबलाजवळच्या खुर्चीत उशा लावून बसवलं. समोर रफीकने शीट पसरलं होतं. काकांनी डावा हात उचलला आणि त्या शीटवरची हवा बाजूला सारावी तसा त्याच्यावरून फिरवला. मग मान वर करून रफीककडे पाहिलं, की कोपरा वाकडा गेलाय. त्या दिवशी ते दोन पोळ्या जेवले. आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं, की माणसाला इथेच जगायचं कारण दिसतंय तर इथेच आणत जा. तेव्हापासून काका रोज सकाळी दुकानात येऊ लागले. घरी असले की भिंत, दुकानात असले की माणूस. दुकान राहिलं तर काका राहतील, इतका साधा हिशेब होता, आणि तो काकूंना माझ्याआधी कळला होता.

पण दुकान राहायचं कसं? आजारपणाच्या काळात बोटवाले एकेक करून दुसरीकडे गेले होते. अबू सालेम चांगला माणूस होता. तोही येऊन गोड शब्दांत सांगून गेला की शेड अशी रिकामी ठेवता येणार नाही, या मोसमात काम आलं तर इन्शाल्ला पुढचं वर्ष बघू. आणि त्याच सुमारास फुजैराचं काम आलं. तिकडे पर्यटकांना समुद्रात फिरवणाऱ्या एका कंपनीला थंडीचा मोसम सुरू व्हायच्या आत आपल्या सगळ्या बोटींच्या खिडक्या नव्या करून हव्या होत्या आणि पुढे वर्षभर त्यांची देखभालही. काकूंनी ते कागद काकांच्या मांडीवर ठेवले. काका कितीतरी वेळ ते बघत बसले. पुढचे दोन महिने ते दोघं आणि रफीक यांनी दुसरं काही केलं नाही. काका डाव्या हाताने खुणा करत, काकू कापत. तोवर काकांच्या बाजूने काकूच बोलायला लागल्या होत्या. डॉक्टर असो, अबू सालेम असो, मी असो, काकांनी नुसतं पाहिलं की काकू सांगायच्या, यांचं म्हणणं असं असं आहे.

माल तयार झाला आणि खंडेनवमी आली. शुक्रवारी सकाळी फुजैराला पोचवायचा होता. मी ऑफिसातून परस्पर दुकानात गेले तेव्हा काकूंनी शेड झाडून घेतली होती, मशीनला झेंडूची माळ घातली होती, काकांना धुतलेला सदरा घातला होता. त्या वर्षी पूजा काकूंच्या हातून होती. त्यांना ती पाच मिनिटांत उरकायची नव्हती. इतक्या महिन्यांनंतर देवाला काही द्यावंसं वाटत होतं, मागावंसं वाटत होतं. नवी गाडी घरातून काढताना आपण तिच्यावर स्वस्तिक काढतो, तसं त्यांनी प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात काडीने कुंकवाचं स्वस्तिक काढायला घेतलं. कोरडं कुंकू गुळगुळीत प्लास्टिकवरून गळून पडत होतं म्हणून थेंबभर तेलात कालवलं. मी वाटी धरून उभी होते. स्वस्तिकं अगदी लहान होती, सुपारीएवढी, आणि फार सुबक.

दुसरं-तिसरं स्वस्तिक झालं असेल, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. काका ओरडत होते. शब्द नव्हता, नुसता आवाज, पण झटक्यानंतर इतका मोठा आवाज त्यांनी काढलेला आम्ही ऐकला नव्हता. डावा हात वर गेला होता आणि, माझ्या डोळ्यांनी पाहिलं, उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून थरथरत दोन बोटं उचलला गेला. काकूंच्या हातातली काडी पडली. "उजवा हलला," त्या म्हणाल्या. "बघितलंस? उजवा हलला यांचा." त्या रडत होत्या आणि मीही रडत होते. रफीक दारात उभा राहून अल्लाचं नाव घेत होता. काकूंना वाटलं, यांना पूजेला हात लावायचाय. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं. त्यांनी खिडक्या एकेक करून काकांसमोर धरल्या, त्यांचा तो उजवा हात आपल्या हातात घेतला, त्याचं बोट कुंकवात बुडवलं आणि उरलेली सगळी स्वस्तिकं त्या बोटाने काढून घेतली. काका ओरडायचे थांबले. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काकूंनी त्यांच्या तोंडात पेढ्याचा तुकडा घातला.

मग नेहमीसारख्या सगळ्या खिडक्या जुनेरं घालून गुंडाळल्या आणि शेड बंद केली. दसऱ्याला दुकान बंद होतं. आत एसी नव्हता आणि ऑक्टोबरचं ऊन दिवसभर पत्र्यावर होतं. घरी काकूंनी श्रीखंड केलं होतं. काकांनी ते खाल्लं नाही. दमले असतील, काकू म्हणाल्या, केवढं काम झालं काल त्यांच्या हातून.

शुक्रवारी पहाटे रफीकच्या पिकअपमधून आम्ही तिघं फुजैराला गेलो. काकांजवळ माझा नवरा थांबला होता. मसाफीचे डोंगर ओलांडताना काकू पुढच्या वर्षीची कामं ठरवत होत्या. धक्क्यावर कंपनीचा लेबनीज मॅनेजर वाट बघत उभा होता, हसतमुख, हबीबी-हबीबी करणारा. काकूंनी पहिली गुंडाळी उलगडली.

स्वस्तिक कुठे दिसतच नव्हतं. त्याच्या जागी एक तळव्याएवढा लाल ओघळ होता आणि तो प्लास्टिकच्या वर नव्हता, आत होता. गुंडाळीत तो डाग ज्या ज्या ठिकाणी दुसऱ्या थरावर दाबला गेला होता तिथे तिथे, अगदी जुनेरातूनसुद्धा, गुलाबी सावली उतरली होती. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत, ठरावीक अंतरावर, फिकट होत गेलेले डाग. दुसरी गुंडाळी तशीच. तिसरी तशीच. मॅनेजरने अंगठ्याने घासून पाहिलं आणि काकूंना विचारलं, "मदाम, इज इट ब्लड?"

काकू म्हणाल्या, "नो. इट इज फॉर गॉड."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने अर्धा तास थांबून आम्हाला पाणी, साबण, काय हवं ते करू दिलं. पण आठ-दहा दिवसांत मोसम सुरू होत होता आणि असलं शीट अमेरिकेहून बोटीने यायला आठवडे लागत. त्याने हात छातीवर ठेवला. "खलास, मदाम," तो म्हणाला, "आय ॲम सॉरी." काकूंनी त्याच्याशी वाद घातला नाही. सगळ्या खिडक्या परत गुंडाळल्या, मध्ये जुनेरं घालून, अगदी नेमाने, आणि मी म्हटलं की आता कशाला हो, तर त्यांनी ऐकलं नाही. परतीच्या रस्त्यावर डोंगर मागे पडले. मग काकू म्हणाल्या, "तेल लावू देत नव्हते मी कुणाला. मलम लावू देत नव्हते. आणि कुंकू... कुंकवाला मी रंग समजलेच नाही गं." आणि थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघतच, "ते नको म्हणत होते."

तो आवाज, ते वर गेलेले हात, मिटलेले डोळे, सगळं त्या एका वाक्याने उलटं झालं. तो माणूस निम्म्या शरीराने आणि नसलेल्या जिभेने आपलं दुकान वाचवायचा प्रयत्न करत होता आणि आम्ही त्याच्याच बोटाने ते बुडवून घेतलं. वर पेढा भरवला.

काकूंनी त्या खिडक्या दुकानात नेल्या. स्पिरिट लावून पाहिलं, डाग तसाच राहिला आणि भोवतालचं प्लास्टिक दुधाळ झालं. काकांनी एक खिडकी पाहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने जुनेराचा तुकडा ओढून घेतला आणि डाग घासायला लागले. सकाळी बसवलं की घासायचे ते संध्याकाळी उचलून नेईपर्यंत. काकू शेजारच्या स्टुलावर बसून राहायच्या. मी एकदा त्यांना म्हटलं, थांबवा ना त्यांना. "काय सांगून थांबवू?" त्या म्हणाल्या. "कुंकू आपल्या हाताने पुसू नये, हे सांगू? माझ्याकडे तेवढंच आहे सांगायला." असे किती दिवस गेले मला आठवत नाही. जिथे घासलं होतं तिथे प्लास्टिक पार आंधळं झालं, आणि त्याच्या आत तो डाग अजून लाल होता.

अबू सालेमने महिनाभर वाट पाहिली. मग शेड एका टायरवाल्याला गेली आणि रफीक दुबईला दुसऱ्याकडे लागला. काका परत भिंतीकडे वळले. मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या आणि देवाची इच्छा म्हणाल्या. त्यांतल्या एकीला मी जिन्यात गाठून काहीतरी फार कडू बोलले. देवावर माझा राग नाही. राग कुणावर काढावा हेच कळत नाही, ही खरी अडचण आहे. कुणाचं चुकलं म्हणावं? निष्काळजीपणा म्हणावा तर त्या बाईइतकी काळजी घेणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. श्रद्धा म्हणावी तर तिने कुणाचं काय बिघडवलं होतं?

ते पुण्याला गेले त्या दिवशी विमानतळावर काका व्हीलचेअरमध्ये होते. मी त्यांच्या समोर खाली बसून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला त्यांच्या नजरेतलं काही वाचता येईना आणि त्या वेळी पहिल्यांदाच काकूंनी, यांचं म्हणणं असं आहे, असं काही सांगितलं नाही. त्यानंतर काही महिन्यांतच काका गेले. सिंहगड रोडच्या त्या रिकाम्या करून दिलेल्या खोलीत.

पुढच्या सुट्टीत मी काकूंना भेटायला गेले. त्यांच्या जाऊबाईंनी चहा केला आणि दोघींना बोलायला मोकळं सोडलं. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. टोपी नव्हती, कुंकूही नव्हतं, त्यामुळे चेहरा मला ओळखीचा वाटेना. शारजाची चौकशी त्यांनी केली नाही. इमारतीत कोण आहे, कोण गेलं, काही नाही. मी आपली इकडचं तिकडचं बोलत राहिले. मधेच त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "तू तिथे होतीस. वाटी धरून उभी होतीस. मला खरं सांग, तुला कळलं होतं का ते नको म्हणतायत?"

मी म्हटलं, "नाही हो काकू. शपथेवर सांगते. मला कळलं नव्हतं, रफीकला कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नसतं."

मला वाटलं, त्यांना थोडं हलकं वाटलं असेल. मग त्यांनी माझा हात सोडला.

"तुम्हाला नसेल कळलं," त्या म्हणाल्या. "पण मी त्यांची बायको होते."